वाईट जागी पोथी ठेवत नाहीत

मनकर्णाबाईला अक्षर यायला लागलं तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडून गेले होते. लेकराला आधी दात येतात, मग अक्षर येतं. हिचं सगळं उलटं. वाचताना 'स' आला की फटीतून वारा सुटायचा आणि पानं निवडायला बसलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. हसायच्या, पण उठून जायच्या नाहीत.

अंजनगावच्या सुर्जीकडच्या अंगाला तिचा पानमळा होता. हादग्या-शेवरीच्या झाडांवर चढवलेल्या नागवेली, आत भर दुपारी सावली आणि ओलसर गारवा. मळ्यात शिरायचं तर वहाणा बाहेर काढून, मग तो तहसीलदार का असेना. मळ्याबाहेर एक छपरी होती. तोडलेली पानं तिथे यायची, धुवायची, लहान-मोठी वेगळी करायची, डागी पान दिसलं की बाजूला टाकायचं आणि केळीची पानं अंथरलेल्या करंडीत चळती लावायच्या. एक सडकं पान राहिलं तर अकोल्याला पोचेस्तोवर अख्खी करंडी वास मारते. म्हणून या कामाला हात लागतात, डोळे लागतात. कान मात्र रिकामे असतात. श्रावणात शालिकरामबुवा येऊन त्या कानांत पोथी घालायचे. बाकीचे महिने चहाड्यांवर निघायचे. गेल्या वर्षापासून मनकर्णाबाईने तिथे वाचन सुरू केलं होतं.

तिला शिकवलं सुनेने. तिकडे नागपुरात नवं सरकार आलं, प्रौढांना अक्षरओळख करून द्या म्हणून गावोगाव वर्ग निघाले. मनकर्णाबाई एक दिवस गेली आणि परत आली. म्हणाली, "मास्तर पाठमोरा उभा राहून फयावर लिवते. मले त्याची पाठच दिसते, अक्षर काही दिसत नाही." मग शकुनने घरीच धडा सुरू केला. पाटाच्या कडेला ओल्या मातीत बाभळीच्या काडीने अक्षर काढायचं आणि पाणी आलं की ते पुसून जायचं.

शकुनचं वय वीस-बाविशीचं. नवरा, म्हणजे मनकर्णाबाईचा एकुलता एक मुलगा, तापाने गेला त्याला तीन वर्षं होत आली होती. लोकांना वाटलं, आता ही सून माहेरी जाईल किंवा कोपऱ्यात बसेल. दोन्ही झालं नाही. दोघी मळ्यात राबत, एका ताटात जेवत. मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई, दुर्गाबाई, यांनी शकुनचं वाचन ऐकलं आणि त्या मागेच लागल्या. अमरावतीला बायकांना मास्तरीण करणारी सरकारी शाळा आहे, तिथेच राहायचं, दोन वर्षं शिकायचं, मग नोकरी. दिवाळीनंतर तिथली एक जागा रिकामी झाली आणि दुर्गाबाईंनी ती शकुनसाठी अडवून धरली. येत्या सोमवारी हजर व्हायचं. सोमवार चुकला की जागा दुसरीची.

शकुन 'हो' म्हणाली होती. तिची पत्र्याची पेटीसुद्धा धुऊन उन्हात ठेवली होती. दुर्गाबाई कौतुकाने सांगत, "तिथली शिस्त पाहण्यासारखी आहे. सगळं घंटेवर. उठायची घंटा, न्हायची घंटा, जेवायची घंटा, दिवा मालवायची घंटा." हे ऐकून शकुन मान हलवी आणि गप्प राही. त्या गप्प राहण्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

दुर्गाबाईंनीच मनकर्णाबाईला वाचायला एक मासिक दिलं होतं. त्यातल्या एका गोष्टीवर त्यांनी खूण करून ठेवली होती. म्हणाल्या, "ही वाचा. मूळची विलायतेतली आहे. तिकडे फार नावाजलेली, शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. आपल्याकडे कोणी तरी तिला मराठी लुगडं नेसवलं आहे. लहान आहे आणि टाइप मोठा आहे."

टाइप मोठा आहे एवढ्यावर मनकर्णाबाईने ती गोष्ट निवडली.

त्या दुपारी छपरीत ओळीने बाया बसल्या होत्या. सगळ्यांत म्हातारी तानुबाई टेकूला पाठ लावून, शकुन तिच्याशेजारी. मनकर्णाबाईने बोटाखाली ओळ धरली.

"'घंटानगरात कोणालाही भूक लागत नसे.'"

"बरं गाव आहे," तानुबाई म्हणाली. "कुठिसा आलं हे?"

"आयका तं पुढं."

घंटानगर म्हणजे येणाऱ्या काळातलं एक शहर. अख्ख्या शहरावर काचेचं एकच छप्पर. प्रत्येक माणसाच्या कानामागे ज्वारीच्या दाण्याएवढी एक घंटा बसवलेली. ती एका सुरात वाजली की जेवायचं, दुसऱ्या सुरात वाजली की निजायचं. हसायचा सूर निराळा, रडायचा निराळा. रडायचं महिन्यातून एकदा, सगळ्यांनी चौकात जमून. त्यामुळे तिथे कोणी उपाशी नव्हतं, कोणी भांडत नव्हतं, मध्येच कोणाला हुंदका येत नव्हता.

"महिन्यातून एकच डाव?" तानुबाईने विचारलं. "अन् मधात कोणी मेलं तं?"

"तुयी सून मेली तं तू काय रडशीन व?" पलीकडून कोणी तरी म्हणालं आणि छपरीभर हसू पसरलं. तानुबाईने एक सडकं पान त्या दिशेला भिरकावलं.

त्या शहरात प्रभा नावाची एक बाई होती. एके दिवशी तिची घंटा मुकी झाली. प्रभा काम करत राहिली. "'थोड्या वेळाने तिच्या पोटात काही तरी कुरतडू लागले. तिला वाटले, आत उंदीर शिरला आहे.'"

"भूक व बाई, भूक!" बाया ओरडल्या. "खाय ना काही!"

त्या अशा ओरडत होत्या, जशी प्रभा कुडापलीकडे उभी आहे आणि ऐकते आहे. मनकर्णाबाईलाही जोर चढला. प्रभाने चोरून भाकरी खाल्ली आणि तिला पहिल्यांदा चव कळली. प्रभा निजायच्या वेळी जागी राहिली आणि काचेतून तिला चांदण्या दिसल्या. प्रभाला तिची मेलेली आई आठवली आणि तिला भलत्याच दिवशी रडू आलं. ते पाहून आजूबाजूचे लोक तिच्यापासून दूर सरले. ती जेवायला बसली की शेजारची बाई ताट उचलून पलीकडे जायची. एवढं सगळं एकटीने सोसायचं म्हणजे काय, याची प्रभाला भीती वाटू लागली. शेवटी ती आपल्या पायांनी घंटाघरात गेली आणि हात जोडून म्हणाली, मला नवी घंटा बसवा.

"'घंटा बसवली गेली. हसण्याचा सूर वाजला. प्रभा हसली.'"

मनकर्णाबाईने वर पाहिलं. निवडणारे हात थांबले होते.

"मंग?" तानुबाई म्हणाली.

"मंग काय? झालं."

"झालं कसं? ते पोट्टी तिकडे घंटा लावून हासून राहिली, अन् तू म्हनतं झालं?"

"इथं संपलंच म्हणून लिवलं आहे, माय. खाली रेघ वढली आहे."

"रेघ वढो का काही करो." तानुबाईने हातातली चळत खाली ठेवली. "वाईट जागी पोथी ठेवत नसतात. रणात कोवळं पोर पडलं, तं बुवा तिथं पोथी बांधतात का? नाई. दोन ओव्या पुढं वाचतात, कोणाचं तरी लगन लागते नाही तं पाऊस पडते, मंग बांधतात. तशीच मधात सोडली तं आयकणाऱ्याच्या घराले लागते. वाच पुढं."

बाकीच्या बायाही थांबून राहिल्या. ही पोथी नव्हे, छापलेली गोष्ट आहे, हे मनकर्णाबाईला कळत होतं. पण आजवर तिनेही छपरीत जे वाचलं-ऐकलं होतं ते सगळं पोथीच होतं. तिलाही त्या रेघेवर थांबायचं मन होईना. तिने पान उलटलं.

"पुढं खोकल्याच्या गोयीची जायरात आहे."

"ते वाच."

"जायरात व?"

"वाच म्हनलं ना!"

मग मनकर्णाबाईने खोकल्याच्या गोळीची जाहिरात वाचली, बोटाने अक्षर अक्षर धरत. जुना खोकला, दमा, छातीतला कफ, लहानांना अर्धी गोळी, मोठ्यांना एक. "'आठ दिवसांत आपण खडखडीत बरे व्हाल.'"

"हां," तानुबाईने हात जोडून कपाळाला लावले. "आता बांध."

सगळ्या हसल्या. मनकर्णाबाई तर डोळे पुसेपर्यंत हसली. शकुन तेवढी हसली नाही. तिने मान खाली घालून पानं लावायला सुरुवात केली होती, आणि एरवी इतक्या हलक्या हाताची ही पोर, तिच्या बोटांनी दोन पानं देठाशी चिरली.

दिवेलागणीला चुलीपुढे ती म्हणाली, "आत्याबाई, मी नाई जात अमरावतीले."

मनकर्णाबाई भाकरी थापत होती. "काहून?"

"असंच."

"असं कसं असंच? मोठ्या बाईले काय सांगू मी?"

शकुन जाळ सारत राहिली. मग एकदम बोलली. "माहेरी होती तं बाबाचं जेवण झाल्यावर जेवाचं. लगन झालं तं ह्यायचं झाल्यावर. भूक लागली का, कोणी इचारलं नाही, मी बी इचारलं नाही. हे गेले, अन् तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तुमी म्हनल्या, पोरी, भूक लागली तं खाय, माही वाट पाहू नको. आठोते का तुमाले?"

मनकर्णाबाईला आठवत नव्हतं.

"मले आठोते. त्या दिवशी मले समजलं का भूक कुठं लागते ते. अन् आता पुन्हा तिथं घंटेवर उठाचं, घंटेवर जेवाचं. ते प्रभा आपल्या पायानं गेली. मी बी आपल्या पायानंच जाऊन राहिली ना?"

तव्यावरची भाकरी उलटायची राहिली.

आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिच्या मनात पहिलं जे आलं ते सुखाचं होतं. शकुन राहणार. सकाळी उठल्यावर घरात दुसरी हालचाल असणार. अक्षर अडलं की हाक मारायला माणूस असणार. मळ्यातून आल्यावर कुलूप काढायला लागणार नाही. रात्री ती अंथरुणावर पडली आणि लगेच झोपली. सकाळी वेलींना पाणी सोडताना तिच्या लक्षात आलं की आपण ओवी गुणगुणतो आहोत. तेव्हा तिची तीच दचकली आणि गप्प झाली.

थोड्याच वेळात तिचा दीर, पंजाबराव, मळ्यात आला. शकुनच्या जाण्याला त्याचा पहिल्यापासून विरोध. बातमी त्याच्याकडे कशी पोचली कोण जाणे. वहाणा बाहेर काढता काढताच तो म्हणाला, "बरं झालं वयनी. पोट्टीले आपली आपली अक्कल आली. घरची बाई घरात बरी."

"अक्कल नाही आली. भेव आलं," मनकर्णाबाई म्हणाली.

"कशानं का येईना. आलं ना?"

ते 'आलं ना' तिला झोंबलं. आपल्याला रात्री झोप लागली होती ती याच दोन शब्दांवर, हे तिला कळलं. तिने पाटाचं पाणी बंद केलं, चिखलाचे पाय धुतले आणि तोडणीला लागली. शकुनची समजूत काढायला ती गेली नाही. त्या पोरीचा 'नाही' वेलीच्या कोवळ्या शेंड्यासारखा होता. ओढलात तर तुटेल, हातात काही येणार नाही.

दुपारी छपरीत मात्र गोष्ट पुन्हा निघाली, आणि ती काढली रजियाबीने. रजियाबी गावातल्या बाजारात पानं विकायची. तिचा नवरा इनायतुल्ला अकोटच्या एका कापसाच्या जिनात कामाला. हंगामात आठवड्याने घरी यायचा. रजियाबी येताना रिकामी टोपली डोक्यावर आणायची आणि आधी बोलायची, मग पानं बघायची.

"काय व मनकर्णा, काय वाचलं म्हणते तू काल? सगळी गली बोलून राहिली. कोन ते कानात घंटा घालून फिरते?"

बायांनी तिला सगळी गोष्ट सांगितली. एकीने सुरुवात, दुसरीने मधलं, आणि तानुबाईने खोकल्याच्या गोळीसकट शेवट. रजियाबी खो खो हसली.

"अव्वा! हे तं आमच्या मियाची कहाणी! जिनाचा भोंगा वाजला का त्यायले भूक लागते. इतवारी घरी असते तं दुपारी मले इचारते, रजिया, मले भूक लागली का व? मी म्हनते, पोट तुमचं का माहं?"

"पण एक सांगू?" तानुबाई म्हणाली, आणि तिचा आवाज थट्टेचा नव्हता. "ते घंटा काही वाईट नाही. मले कोणी कानात सांगतलं असतं ना, तानू, आता जेव, तानू, आता नीज, तं मी इतकी लेकरं काढताना उपाशी नसती राहिली. मायाकडे कोणी पाहेच नाही. प्रभाकडे कोणी तरी पाहे तं खरं."

यावर छपरीत खरी वादावादी सुरू झाली. एक म्हणाली, पाहणं निराळं आणि हाकणं निराळं. दुसरी म्हणाली, पोट भरलं ना, मग कोणी का हाकेना. घंटा वाजवतो कोण, हे गोष्टीत का नाही सांगितलं, असं एकीने विचारलं. मनकर्णाबाईने मासिक उघडून पुन्हा शोधलं, पण तसं कुठे दिलेलं नव्हतं. रजियाबी ऐकत होती. मग टोपलीवर हात टेकून म्हणाली, "घंटा म्हनान तं आमची बांग बी रोज होते. बांग म्हनते, ये. मी जानमाज टाकते, बसते. पण अल्लाकडे काय मागाचं, ते बांग नाही सांगत. ते माह्या मनातलं."

"मंग प्रभाच्या मनात काय होतं?" कोणी तरी विचारलं.

"तिच्या मनात काय राहीन? नवी घंटा लावली, सगळं पुसलं गेलं."

"पुसलं गेलं काहून म्हनता?" मनकर्णाबाई म्हणाली.

हे ती कोणाला तरी उत्तर द्यायचं म्हणून बोलली नव्हती. कालपासून तिच्या डोक्यात जे फिरत होतं ते तोंडातून निघालं, इतकंच.

"मी तुमाले सांगते. मले अक्षर येत नव्हतं तवा बजारातल्या पाट्या म्हंजे मले रंगाचे पट्टे दिसत. लाल पट्टा, निळा पट्टा. आता मी बजारात जाते तं ते पाट्या माह्याशी बोलतात. परवा डोकं दुखून राहिलं होतं, म्हनलं आज काही वाचू नये, नुसतं चालावं. नाही जमलं. डोये उघडे असले का वाचलंच जाते. साबणाच्या वडीवर सुद्धा वाचलं जाते. मले कोणी सांगो, मनकर्णे, अक्षर विसर, मी विसरू म्हनलं तरी विसरता येईन का?"

"नाही येणार," तानुबाई म्हणाली.

"मंग प्रभाले एक डाव भूक समजली, ते कशी विसरते? घंटा लावली, हासली. हासो. आतमधी काय चाललं ते त्या घंटाघरवाल्याले काय माहीत?"

तिने शकुनकडे पाहिलं नाही. पानांच्या चळतीकडे पाहत ती पुढे म्हणाली, "तानुबाई म्हनते ते बराबर आहे. वाईट जागी ठेवत नसतात. काल आपण खोकल्याच्या गोयीवर बांधलं, ते काही खरं नाही. मले वाचता येते, पुढचं सांगता येत नाही. जिले येत असन तिनं सांगावं."

मग एकेक जणी पुढचं सांगू लागली. तानुबाईने प्रभाचं लग्न लावलं आणि तिला दोन मुलगे दिले. रजियाबीने तिला घंटाघराची मालकीण केलं आणि पहिल्या दिवशी सगळ्या शहराला दिवसभर हसायची घंटा दिली, "पोट दुखेपर्यंत!" एकीने काचेचं छप्पर गारपिटीने फोडलं. सगळ्यांना ते आवडलं, पण ते ऐकून कोणाचं समाधान झालं नाही. गारपीट येईल तेव्हा येईल. तोवर प्रभाने काय करायचं?

"दुसऱ्या दिवशी," शकुन म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिचा हात पानांवर होता आणि ती पानांनाच सांगत असल्यासारखी हळू बोलत होती.

"दुसऱ्या दिवशी जेवणाची घंटा झाली. सगळे बसले, प्रभा बी बसली. पण तिले भूक नव्हती लागली. हे तिले समजलं. आंधी समजत नव्हतं. घंटा झाली म्हंजे भूक, असंच वाटे. आता घंटा निराळी अन् भूक निराळी. तिनं दोन घास खाल्ले, राहिलेली भाकर पदरात बांधली. मंग दुपारी, घंटा नसताना, तिले भूक लागली. तवा तिनं ते सोडली."

"अन् कोणी पाह्यलं तं?"

"पाह्यलं. बाजूच्या बाईनं पाह्यलं. जे ताट उचलून पलीकडे जाये ना, तिनंच. ते आता ओरडणार असं वाटलं." शकुन थांबली. "प्रभानं तिले अर्धी भाकर दिली अन् इचारलं, 'बाई, तुले बी लागली का?'"

तानुबाईने नाक शिंकरलं आणि म्हणाली, "लागलीच असन. इतक्या वर्साची उपाशी."

रजियाबी म्हणाली, "अमरावतीच्या त्या शायेत किती पोट्ट्या आहेत व शकुन?"

"चाळीस-पन्नास म्हनतात."

"घरोघरच्या, नाही का? कोणी नवऱ्यानं टाकलेली, कोणाचा मेलेला. त्यायले कोणी इचारलं असन का, भूक लागली का म्हनून?"

शकुनने हातातलं पान उलटंसुलटं करून पाहिलं.

मनकर्णाबाईला आता बोलणं भाग होतं आणि बोलायचं तर खरंच बोलायचं होतं. "पोरी, तू नाही जात म्हनलं तं मले बरं वाटलं. लय बरं वाटलं. तुयाबिगर हे घर मले खायाले उठीन. हे माहं झालं. पण माह्या बरं वाटण्यावर तू राहू नको. मंग मी बी तुया कानामागची घंटाच झाली."

शकुन पानं लावत राहिली. तिची चळत पुरी झाली, तिने ती करंडीत ठेवली, वर ओलं फडकं टाकलं. मग ती उठली.

पंजाबराव करंड्या न्यायला बैलगाडी घेऊन आला होता. गाडी छपरीपाशी उभी करून तो विडी शिलगावत होता. शकुन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. एरवी ती त्याच्यासमोर दाराआडून बोलायची.

"काकाजी, सोमवारी मले ठेसनावर जाचं आहे."

पंजाबरावाच्या हातातली काडी विझली. त्याने छपरीत मनकर्णाबाईकडे पाहिलं. "वयनी, काय म्हनते हे? सकाळी तं नाही म्हनत होती."

"तिलेच इचारा," मनकर्णाबाई म्हणाली.

"सकाळी नाही म्हनत होती," शकुन म्हणाली, "आता जाते म्हनते. तिथं घंटा आहे, ते मले माहीत आहे. भेव बी वाटून राहिलं. तरी जाते. नाही जमलं तं वापस येईन. रस्ता तं तोच आहे ना येण्याचा?"

पंजाबरावाने दुसरी काडी ओढली. त्याला काही तरी मोठं बोलायचं होतं, पण छपरीतून सगळ्या बाया त्याच्याकडे बघत होत्या आणि त्यांत रजियाबी कमरेवर हात ठेवून उभी होती. मुर्तिजापूरला जाणारी छोटी गाडी सकाळी लवकर सुटते, तिथून पुढे बडनेऱ्याला गाडी बदलावी लागते, एकटी बाई कशी जाईल, असं तो पुटपुटला.

"बडनेऱ्यापर्यंत मी जाते," रजियाबी म्हणाली. "माह्या बहिनीचं घर आहे तिथं. दोन वर्सापासून बलावून राहिली."

"अन् पेटी?"

"पेटी काय, तिच्यात दोन लुगडे अन् एक तांब्या. तुमाले होत नसन तं मी उचलते," शकुन म्हणाली.

"होते, होते," पंजाबराव चिडून म्हणाला. "सोमवारी तांबडं फुटाच्या आंधी गाडी आणतो. मी उशीर करणार नाही. तुमीच न्हात बसता." आणि तो करंड्या चढवायला लागला. एक करंडी त्याने जरा जोरात ठेवली, तेव्हा तानुबाई आतून ओरडली, "पंजाब्या, पानं आहेत ते, गोटे नाहीत!"

बाया हात धुऊन घरोघर गेल्या. रजियाबी टोपली भरून निघाली. छपरीत सासू-सून दोघीच उरल्या. ऊन कलून शेवरीच्या बुंध्यांवर आलं होतं. मनकर्णाबाईने पाटाच्या कडेची ओली माती तळहाताने सारखी केली आणि काडी हातात घेतली.

"वाचाले तं शिकवलं तू," ती म्हणाली. "लिहाले अर्धंच. कारड कसं लिवतात ते आता दाखव. आतलं काय लिहाचं ते मी पाहून घेईन, पत्ता तेवढा सांग. पत्ता चुकला तं कारड कुठं जाईन काय सांगता येते?"

शकुन तिच्याजवळ बसली. "पहिले तुमीच लिहून पाहा. अमरावती."

मनकर्णाबाईने अ काढला. तो पोटाशी थोडा चेपला, तरी अ होता. मग म, मग र. काडी मातीत रुतत होती, म्हणून तिने ती हलकी धरली. वेलांटी जरा लांबली आणि 'त'च्या डोक्यावरून पुढे गेली. तिने मागे सरून नाव पूर्ण वाचलं, मोठ्याने.

"हे गाव तं सोपं निघालं," ती म्हणाली.